बिघाड कोणता, आणि तो सापडला कसा?

काणकोणहून एका गृहस्थांनी प्रश्न विचारला आहे. थोडक्यात तो असा : कर्नाटकातले कैगाचे अणुवीज केंद्र आमच्या तालुक्यापासून सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. देशातल्या नाही तर परदेशातल्या कुठल्या ना कुठल्या केंद्रात झडप अडकली, नळीला गळती लागली, पंप बंद पडला आणि म्हणून युनिट थांबवले, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. इतके भाग बिघडत असतील तर तपासणी करणारे नेमके काय तपासतात, आणि तपासणारी माणसे त्याच केंद्राची असतील तर त्यांच्या शब्दावर आम्ही किती विसंबावे?

मी फोंड्याचा. नोकरीची बहुतेक वर्षे वस्तू न फोडता तिच्या पोटातला दोष शोधण्याच्या कामात गेली. आमच्या धंद्यात त्याला एनडीटी म्हणतात. औष्णिक वीज केंद्रे, रासायनिक कारखाने आणि अणुवीज केंद्रे या तिन्ही ठिकाणी पाइप, वेल्डचे जोड आणि उष्णता विनिमयकांच्या नळ्या तपासल्या आहेत. त्यामुळे उत्तर अणुभट्टीच्या भौतिकशास्त्राच्या बाजूने न देता धातूच्या आणि झडपांच्या बाजूने देतो.

प्रश्नात ‘इतके भाग बिघडतात’ यावर जो भर आहे, तो मला थोडा हलवावासा वाटतो. एका अणुवीज केंद्रात हजारो झडपा असतात, अनेक किलोमीटर लांबीचे पाइप असतात आणि त्यांवर मोजता मोजता थकावे इतके जोड असतात. त्यांतले काही ना काही दर आठवड्याला बिघडणारच, आणि रचना करणाऱ्यांनी ते गृहीत धरलेलेच असते. माझ्या मते विचारायचे ते हे, की झालेला बिघाड आपण होऊन उघड झाला की दबा धरून बसला होता, आणि दबा धरून बसला असेल तर त्या जागी पाहायला कोणी जात होते की नाही. गेल्या पन्नास वर्षांतल्या ज्या घटनांचा मी अभ्यास केला, त्यांतल्या गंभीर घटना बहुतेक या दुसऱ्या जातीच्या निघाल्या.

यात परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. भट्टी कोणत्या प्रकारची, तिचे वय किती, बिघाड झाला तेव्हा ती चालू होती की बंद, आणि मुख्य म्हणजे तो भाग कोणत्या प्रणालीतला, यांवर उत्तर बदलते. एकाच बनावटीची एकच झडप घ्या. ती टर्बाइनच्या दालनातल्या साध्या पाण्याच्या वाहिनीवर ठिबकत असेल तर ते देखभालीचे काम आहे; जड पाण्याच्या (म्हणजे साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेल्या पाण्याच्या) वाहिनीवर ठिबकत असेल तर त्या पाण्यातल्या ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनमुळे कामगारांना मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचा प्रश्न येतो; आणि आणीबाणीत भट्टीला पाणी पुरवणाऱ्या वाहिनीवर ती अडकलेली सापडली, तर ठरावीक मुदतीत ती दुरुस्त करा अथवा युनिट बंद करा, असा नियम लागू होतो. बातमीत तिन्हींना ‘झडप निकामी’ एवढेच म्हटलेले असते.

आता आपण होऊन उघड होणारे बिघाड पाहू, कारण बातम्यांत तेच जास्त दिसतात. कैगा येथे प्रत्येकी २२० मेगावॉटची चार युनिटे आहेत आणि चारही जड पाण्याच्या प्रकारातली आहेत. या प्रकारच्या भट्टीत विखंडन थांबवण्यासाठी कॅडमियम असलेल्या १४ कांड्या वर विद्युतचुंबकी पकडीत टांगलेल्या असतात. पकडीचा वीजपुरवठा गेला की त्या स्वतःच्या वजनाने खाली पडतात. त्यांनी काम केले नाही तर दुसरी, पूर्णपणे वेगळ्या तत्त्वावरची प्रणाली आहे, जी बोरॉनयुक्त द्रव १२ उभ्या नळ्यांमध्ये ढकलते. भट्टी थांबवण्याचा आदेश देणारी उपकरणे तिहेरी असतात आणि तिघांपैकी दोघांनी धोका दाखवला की भट्टी बंद होते. या मांडणीचा फायदा असा, की एक उपकरण बिघडून खोटा इशारा देऊ लागले तरी भट्टी उगाच बंद पडत नाही, आणि एक उपकरण मुके झाले तरी उरलेली दोन पुरेशी होतात. शिवाय भट्टी चालू असतानाच एकेक उपकरण आळीपाळीने बाजूला काढून तपासता येते. त्यामुळे ‘वीज गेल्याने युनिट आपोआप बंद पडले’ ही बातमी वाचून मला चिंता वाटत नाही. तिथे जे घडायला हवे होते तेच घडले. एकाच कारणाने तेच युनिट वर्षभरात वारंवार बंद पडू लागले, तर मात्र मी कान टवकारतो, कारण मूळ कारण शोधण्याऐवजी नुसते पुन्हा सुरू करणे चालले आहे असा त्याचा अर्थ असू शकतो.

याची दुसरी बाजूही आहे. कैगाचे पहिले युनिट १३ मे २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चालले आणि इंग्लंडमधल्या हेशम केंद्राचा ९४० दिवसांचा तेव्हाचा विक्रम त्याने मागे टाकला. अभिमानाची गोष्ट खरी, पण त्या काळात तिथे काहीच बिघडले नाही असे कोणी समजू नये. जड पाण्याच्या भट्टीत इंधन चालू अवस्थेत बदलता येते, पंपांना राखीव पंप असतात, आणि एक बाजूला काढून दुरुस्त करताना दुसऱ्यावर काम भागते. सलग चालण्याच्या आकड्यावरून देखभालीची शिस्त कळते. ज्या जागा फक्त बंद अवस्थेतच पाहता येतात त्यांची हालत कळत नाही. मला एखाद्या केंद्राबद्दल दोन कागद मागायची मुभा मिळाली, तर मी विक्रमाचे प्रमाणपत्र मागणार नाही, शटडाउनमधल्या तपासणीचा आराखडा आणि त्यातून वगळलेल्या जागांची यादी मागेन.

दबा धरून बसणाऱ्या बिघाडांचा पहिला गट राखीव साधनांचा. गोव्यात पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या वादळात वीज जाते आणि अनेक घरांत त्याच रात्री कळते, की इन्व्हर्टरची बॅटरी केव्हाच संपलेली आहे. ती कधी संपली हे कोणालाच सांगता येत नाही, कारण तिच्याकडे मधल्या काळात कोणी काही मागितलेच नव्हते. डिझेल जनित्रे, आणीबाणीचे पंप, एरवी बंद असणाऱ्या झडपा यांचे असेच असते, आणि म्हणून त्यांना ठरावीक मुदतीने चालवून पाहावे लागते. त्यामागचा हिशेब सोपा आहे. एखादी राखीव झडप सरासरी १०० वर्षांतून एकदा निकामी होते असे धरा. ती दर महिन्याला तपासली, तर निकामी झाल्यापासून ते सापडेपर्यंत सरासरी अर्धा महिना जातो. म्हणजे गरजेच्या क्षणी ती निकामी असण्याची शक्यता २४०० त १ येते. तीच झडप वर्षातून एकदा तपासली तर ही शक्यता २०० त १ होते. झडप तीच, बनावट तीच, आणि फरक बारापट.

मग रोज का तपासत नाहीत, असे कोणीही विचारेल. कारण तपासणीनेही यंत्राची झीज होते. डिझेल जनित्र थंड अवस्थेतून एकदम सुरू करून काही सेकंदांत पूर्ण वेगाला नेले की बेअरिंगवर आणि टर्बोचार्जरवर ताण येतो. अमेरिकेच्या नियामकांनी १९८४ मध्ये अशा थंड व जलद चाचण्या कमी कराव्यात असे याच कारणाने सुचवले, कारण विश्वासार्हता वाढवण्यासाठीच्या चाचण्यांनीच यंत्रे झिजत होती. आणि तपासणीनंतर सर्व काही पूर्वस्थितीला आणताना माणसाकडून काहीतरी राहून जाऊ शकते. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी अपघात झाला, तेव्हा भट्टीची उष्णता घेऊन वाफ करणाऱ्या बाष्पजनित्रांना पाणी देणारे राखीव पंप सुरू झाले खरे, पण त्यांच्या वाहिनीवरच्या झडपा बंद होत्या. दोन दिवसांपूर्वीच्या चाचणीसाठी त्या बंद केल्या होत्या आणि परत उघडायच्या राहून गेल्या. पुढच्या काही मिनिटांत ती चूक ध्यानात आली. अपघाताला मुख्य कारण ठरली ती दुसरी एक झडप, जी दाब कमी करण्यासाठी उघडली आणि उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा ती बंद झाल्याचे दाखवत होता, कारण तो झडपेची स्थिती दाखवत नव्हता. तिला बंद होण्याचा आदेश गेला आहे एवढेच तो दाखवत होता. धातूच्या तपासणीत काम करणाऱ्या कोणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. आम्हाला जी वस्तू जाणून घ्यायची असते तिच्याऐवजी तिच्या शेजारचे काहीतरी मोजणे सोपे असते, आणि अहवालात दोन्ही सारखीच दिसतात.

दुसरा गट सावकाश झिजणाऱ्या भागांचा, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझी उमेद याच कामात गेली.

साध्या कार्बन पोलादाच्या पाइपातून गरम, अतिशुद्ध आणि ऑक्सिजन जवळजवळ नसलेले पाणी वेगाने वाहते, तेव्हा पोलादावरचा संरक्षक ऑक्साइडचा थर पाण्यात विरघळत राहतो आणि पाइप आतून पातळ होत जातो. पाणी सरळ वाहते तिथे हे कमी होते; बाक, टी-जोड, प्रवाह मोजण्याची छिद्रपट्टी, अर्धवट उघडी झडप यांच्या लगेच पुढे, जिथे प्रवाह घुसळतो, तिथे जास्त होते. तापमान साधारण १३० ते १५० अंश सेल्सिअस असताना ही झीज सर्वांत जोरात असते. पोलादात क्रोमियमचा अगदी थोडा, म्हणजे ०.१ टक्क्याच्या आसपास अंश असला तरी झीज बरीच मंदावते; त्यामुळे एकाच दिवशी बसवलेले दोन शेजारचे बाक, पोलादाचा घाणा वेगळा असल्याने, वेगवेगळ्या वेगाने झिजलेले सापडतात. बाहेरून पाहावे तर रंग शाबूत, इन्सुलेशन शाबूत, आवाज नाही, ठिबकणे नाही. आणि असा पाइप फुटायचा झाला तर आधी बारीक गळती होऊन सूचना मिळेलच असे नसते, कारण मोठा पट्टा एकदमच पातळ झालेला असतो.

अमेरिकेतल्या सरी केंद्रात ९ डिसेंबर १९८६ रोजी पाणीपुरवठ्याच्या पाइपाचा बाक असाच फुटला आणि चार कामगार दगावले. त्यानंतर जगभर अशा जागा शोधून जाडी मोजण्याचे कार्यक्रम सुरू झाले. तरीही ९ ऑगस्ट २००४ रोजी जपानमधल्या मिहामा केंद्राच्या तिसऱ्या युनिटमध्ये, छिद्रपट्टीच्या पुढच्या भागात, सुमारे १४० अंशांचे पाणी वाहून नेणारा पाइप फाटला. वाफेने भाजून पाच जण मृत्युमुखी पडले, सहा जखमी झाले. मूळची जाडी १० मिलिमीटर होती. फाटला त्या जागी ती दीड मिलिमीटरच्याही खाली गेली होती. युनिट १९७६ मध्ये सुरू झाले होते आणि तेव्हापासून ती एक जागा कधीच मोजली गेली नव्हती, कारण तपासणीच्या यादीत ती आलीच नव्हती. यादीतून ती सुटल्याचे आदल्या वर्षी लक्षात आले होते आणि तिची पाळी त्याच महिन्यात सुरू होणाऱ्या शटडाउनमध्ये ठेवली होती. मेलेली माणसे त्या शटडाउनच्याच तयारीसाठी तिथे आली होती. ती वाफ किरणोत्सारी नव्हती. म्हणून या घटनेला अणुअपघात म्हणायचे की नाही यावर वाद घालता येईल, परंतु तपासणीच्या दृष्टीने मी तिला फार वरचे स्थान देतो, कारण इथे उपकरण चुकले नाही, तपासणारा चुकला नाही, मापनही चुकले नाही. त्या जागी कोणी गेलेच नाही.

या कारणाने मी कुठल्याही केंद्रात काम सुरू करताना आधी यंत्र हातात घेत नसे. पाइपांचे नकाशे घेऊन वाहिनीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे, नकाशात नसलेला प्रत्येक बाक, प्रत्येक जोड आणि नंतर बसवलेली प्रत्येक छिद्रपट्टी टिपून घ्यायची, आणि मग ती यादीशी ताडून पाहायची, हा माझा क्रम असे. यात दिवस जातात आणि शटडाउनमध्ये दिवस महाग असतात, त्यामुळे या चालण्यावर कुरकुर होते. त्यानंतर मचाण बांधणे, इन्सुलेशन काढणे, पृष्ठभाग घासणे आणि बाकावर चौकटी आखून प्रत्येक छेदबिंदूवर अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजणे. एका वेळच्या आकड्याला मी फारसे महत्त्व देत नाही. मागच्या शटडाउनमध्ये त्याच बिंदूवर किती होती आणि या वेगाने किमान जाडी गाठायला किती वर्षे लागतील, हे पाहावे लागते. जाडी मागच्या वेळेपेक्षा वाढलेली दिसली, तर आनंद मानण्याचे कारण नसते. एक तर बिंदू चुकला आहे किंवा यंत्राचे मापांकन. असा आकडा गुपचूप सरासरीत मिसळून टाकणारा अहवाल मी सही न करता परत पाठवत असे.

जड पाण्याच्या भट्टीला स्वतःची अशी एक वेगळी काळजी आहे, आणि कैगाबद्दल विचारणाऱ्याने ती समजून घ्यावी. इथे एकच प्रचंड दाबपात्र नसते. २२० मेगावॉटच्या भट्टीत ३०६ आडव्या दाबनलिका असतात. प्रत्येकीत इंधन आणि त्यावरून वाहणारे गरम जड पाणी. नलिका झिर्कोनियमच्या मिश्रधातूची असते, ती वर्षानुवर्षे न्यूट्रॉनच्या माऱ्यात लांबते, मध्ये झुकते आणि हळूहळू हायड्रोजन शोषून ठिसूळ होऊ शकते. तिच्याभोवती दुसरी, थंड नलिका असते आणि दोघींचा स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये स्प्रिंगची कडी बसवलेली असते. कॅनडातल्या पिकरिंग केंद्रात १ ऑगस्ट १९८३ रोजी अशी एक दाबनलिका फाटली, कारण कडी जागची सरकली होती, नलिका थंड नलिकेला टेकली होती आणि टेकल्या जागी हायड्रोजनचे फोड धरले होते. त्यानंतर भारतात आणि कॅनडात मिश्रधातू बदलला, कड्यांची रचना बदलली, आणि भारतातल्या बहुतेक जुन्या युनिटांतल्या सगळ्या नलिका काढून नव्या घातल्या गेल्या. कैगाच्या युनिटांत सुरुवातीपासूनच सुधारित, म्हणजे झिर्कोनियम-निओबियमच्या नलिका आहेत. त्यांच्या तपासणीसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले ‘बार्सिस’ नावाचे उपकरण नलिकेत आतून फिरवतात. ते भिंतीची जाडी, तडे, झुकाव आणि कड्यांची जागा पाहते.

इथपर्यंत सगळे ठीक वाटते, आणि म्हणून काक्रापारची गोष्ट सांगायला हवी. गुजरातेतल्या या केंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये जुलै २०१५ मध्ये आणि पहिल्या युनिटमध्ये ११ मार्च २०१६ रोजी दाबनलिकेतून गळती झाली. दुसऱ्या वेळी केंद्रापुरती आणीबाणी जाहीर करावी लागली. भट्टी सुरक्षितपणे बंद झाली आणि अणुघटनांचे गांभीर्य मोजणाऱ्या ० ते ७ या आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीत घटनेला पहिली पातळी दिली गेली. पण पहिल्या युनिटमधल्या नलिका जुन्या नव्हत्या, काही वर्षांपूर्वीच बदललेल्या सुधारित धातूच्या होत्या. झीज आतून झाली नव्हती. नलिकेच्या बाहेरच्या अंगाला, दोन नलिकांमधल्या पोकळीत जो कार्बन डायऑक्साइड वायू खेळवतात त्या बाजूने, जागोजाग गंज धरला होता आणि त्याचा संबंध वायूतल्या अशुद्धीशी निघाला. शेवटी दोन्ही युनिटांतल्या सगळ्या नलिका पुन्हा बदलल्या आणि ती २०१८ व २०१९ मध्ये सुरू झाली. सर्वांचे लक्ष आतून होणाऱ्या बदलांवर होते. बिघाड बाहेरून आला, आणि एकाच कारणाने दोन युनिटांत आला. राखीव साधने कितीही असोत, त्या सर्वांना एकाच वेळी पोखरणारे एक कारण सापडले की त्यांची संख्या उपयोगाची राहत नाही.

उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रातली ३१ मार्च १९९३ ची आग याच जातीची. पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली, तोल गेलेल्या टर्बाइनच्या धक्क्यांनी जनित्राच्या सीलमधून हायड्रोजन निसटला आणि पेटला. भट्टी मिनिटभरातच बंद केली होती, परंतु मुख्य आणि राखीव अशा दोन्ही वीजपुरवठ्यांच्या केबली एकाच आगीत सापडल्याने युनिट सुमारे १७ तास विजेविना राहिले. कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणाऱ्या अग्निशामक पंपांचे पाणी बाष्पजनित्रांना देऊन भट्टीची उष्णता काढली, ही धीराची गोष्ट. मात्र जो भाग तुटला तो भट्टीचा नव्हता, आणि राखीव केबल मुख्य केबलीच्या शेजारून गेली आहे हे कुठल्याही अल्ट्रासॉनिक यंत्राला दिसणारे नव्हते. ते पाहायला दालनातून डोळे उघडे ठेवून फिरणारा माणूसच लागतो.

एवढ्यावरून तपासणी काय पाहते, याचे उत्तर मिळाले असावे : राखीव साधने मागणी येण्याआधी चालवून पाहते, झिजणाऱ्या जागा मोजून त्यांचा वेग काढते, आणि एकाच कारणाने अनेक गोष्टी एकदम जाणार नाहीत ना, हे शोधते. यांतले तिसरे काम सर्वांत अवघड आहे आणि सर्वांत कमी ठिकाणी मनापासून होते, असे माझे मत आहे.

आता विश्वासाचा प्रश्न. रोजची तपासणी केंद्राची माणसेच करतात हे खरे आहे आणि ते वेगळे असूही शकत नाही, कारण ज्याला पाइप ठाऊक आहे तोच तिथे पोहोचू शकतो. त्यांच्यावर थर असतात. केंद्रातलाच पण उत्पादनाला उत्तरदायी नसलेला गुणवत्ता विभाग, मग केंद्रे चालवणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीचे मुख्यालय, मग १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ, ज्याची पथके केंद्रात येऊन नोंदी ताडतात, जे केंद्रांच्या जागी स्वतःचे निरीक्षक ठेवते आणि दर १० वर्षांनी संपूर्ण सुरक्षेचा नव्याने आढावा घ्यायला लावते. शिवाय इतर देशांतल्या केंद्रचालकांची परस्परपरीक्षणे. नियामक मंडळ सरकारपासून पुरेसे स्वतंत्र आहे का, हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. २०१२ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी तो लेखी घेतला आणि २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पथकानेही मंडळाचे स्वातंत्र्य कायद्यात रोवावे अशी शिफारस केली. कामाच्या पातळीवर मला जे दिसले ते मात्र असे, की चांगली तपासणी नियामकाच्या भीतीपेक्षा परस्पर-पडताळणीवर जास्त उभी असते. एकाच जोडाचे संकेत दोन माणसांनी एकमेकांना न विचारता वाचणे, मुद्दाम दोष भरलेल्या तुकड्यांवर तपासणाऱ्याची परीक्षा घेणे आणि त्या तुकड्यात दोष किती आहेत हे त्याला न सांगणे, यांनी माणूस सरळ राहतो. हे जिथे नसते तिथे कागद चोख असतात आणि त्यांना अर्थ नसतो. दक्षिण कोरियात २०१२-१३ मध्ये सुट्या भागांची आणि केबलींच्या चाचण्यांची खोटी प्रमाणपत्रे उघड झाली, तेव्हा केबल बदलण्यासाठी चालू भट्ट्या बंद कराव्या लागल्या.

कैगाच्या दोन घटना आपल्याला आठवत असतील, म्हणून त्यांच्याबद्दल दोन शब्द. १३ मे १९९४ रोजी बांधकाम चालू असताना पहिल्या युनिटच्या आतल्या घुमटाच्या काँक्रीटचा थर सुटून कोसळला. तेव्हा आत इंधन नव्हते. रचना बदलून घुमट पुन्हा बांधला गेला. नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले आणि ते पाणी काही कर्मचाऱ्यांच्या पोटात गेले. हा भागाचा बिघाड नव्हता, कोणीतरी केलेले कृत्य होते. ते उघडकीस आले कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या लघवीच्या तपासणीत, म्हणजे कोणाला काही संशय येण्याआधीच, ठरलेल्या मुदतीने होणाऱ्या एका कंटाळवाण्या चाचणीत.

यापुढे अशी बातमी वाचाल तेव्हा युनिट बंद पडले का, याच्या आधी बिघाड कशात सापडला ते पाहा. ठरलेल्या चाचणीत सापडला असेल तर यंत्रणा चालते आहे. प्रत्यक्ष गरज पडली तेव्हा सापडला असेल तर त्याआधी किती दिवस तो तसाच होता, हे विचारायला हवे. मग भाग कोणत्या प्रणालीतला, आणि त्याच बनावटीचे भाग शेजारच्या युनिटांत तपासले का. आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीतली पातळी बहुधा बातमीत असते. ० किंवा १ असेल तर बाहेरच्या लोकांना धोका नसतो, पण काक्रापारसारखी पातळी १ ची घटना तांत्रिकदृष्ट्या मोठी असू शकते.

अंतराबद्दल : भारतात केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंतचा प्रदेश आपत्कालीन नियोजनात धरतात आणि बाहेरच्या लोकांसह दर २ वर्षांनी सराव घेतात. काणकोण त्या वर्तुळाबाहेर आहे, त्यामुळे असे सराव आपल्याला दिसत नाहीत. ते कारवारच्या बाजूला होतात. आपण ज्या बातम्यांचा उल्लेख केला आहे त्यांतली एखादी कात्रण स्वरूपात जवळ असेल तर तिचा मजकूर पाठवा. झडप कोणत्या वाहिनीवरची होती आणि ती चाचणीत अडकली की चालू कामात, एवढे त्यात असले तरी मला आपल्याला पुढचे नेमके सांगता येईल.